पैसा कारखान्याला की कामगाराला? पोलंडच्या गोद्या आणि रुमेनियाच्या खाणी

तोट्यातला सरकारी उद्योग बंद पडू लागला की जनतेचा पैसा त्याला जगवण्यासाठी वापरावा की कामगाराच्या हाती द्यावा, याबाबत ज्यांना भूमिका ठरवायची आहे, त्यांनी साम्यवादोत्तर युरोपातील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

पोलंडने गोद्या जगवल्या. १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीतील संपातून सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना उभी राहिली होती, त्यामुळे गोदीला टाळे लावणे कोणत्याही सरकारला जड जात होते. २००२ मध्ये श्चेचिनची गोदी दिवाळखोरीत गेली, तेव्हा सरकारने नवी कंपनी काढून काम चालू ठेवले. मदत बहुधा रोख नव्हती. थकलेली सरकारी देणी माफ होत आणि जहाजबांधणीसाठी थकहमी, म्हणजे कर्ज थकल्यास ते सरकार फेडेल अशी हमी, मिळे. साखर कारखान्यांमुळे थकहमीचे राजकारण महाराष्ट्राला ठाऊक आहे: ती देताना तिजोरीतून काहीच जात नाही, म्हणून विरोधही होत नाही. जहाजाची किंमत करारातच डॉलरमध्ये ठरे. बांधणी पूर्ण होईपर्यंत झ्लॉटी हे पोलंडचे चलन डॉलरच्या तुलनेत वधारे, पोलाद महागे आणि ऑर्डर हाती असूनही तोटा वाढे. अखेर ६ नोव्हेंबर २००८ रोजी युरोपीय संघाच्या आयोगाने ग्दिनिया आणि श्चेचिन या गोद्यांना दिलेली मदत बेकायदा ठरवून तिच्या वसुलीचा आदेश दिला. मालमत्ता विकली गेली आणि कामगारांना सेवाकाळानुसार २० ते ६० हजार झ्लॉटी भरपाई मिळाली. म्हणजे पैसा कामगारापर्यंत पोहोचला, पण तोट्यात वर्षे घालवल्यानंतर.

रुमेनियाने १९९७ मध्ये उलट केले. झिऊ खोऱ्यातील कोळसा खाणकामगारांनी १९९१ मध्ये राजधानी बुखारेस्टवर चाल करून पंतप्रधान पेत्रे रोमान यांचे सरकार पाडले होते. त्यांच्याशी थेट झुंजण्याऐवजी सरकारने नोकरी सोडणाऱ्यांना सेवाकाळानुसार एकरकमी भरपाई देऊ केली आणि हजारोंनी ती घेतली. संघटनेची ताकद ओसरली, हे राजकीयदृष्ट्या चतुर होते. परंतु पेत्रोशानी, लुपेनी, पेत्रिला या गावांत खाणीखेरीज मोठा रोजगार नव्हता आणि रक्कम अनेक घरांत लवकरच संपली. जानेवारी १९९९ मध्ये आणखी खाणी बंद होणार म्हणताच मोर्चा पुन्हा निघाला आणि पंतप्रधान रादू वासिले यांना कोझिया मठात खाणकामगारांच्या नेत्याशी तडजोड करावी लागली. खाणींवरचा सरकारी खर्चही थांबला नाही; पेत्रिलाची खाण २०१५ मध्ये बंद झाली.

माझा कल कामगाराला पैसा देण्याकडे आहे, कारण तो अर्थसंकल्पात उघड दिसतो, त्यावर सभागृहात प्रश्न विचारता येतो आणि थकहमीसारखा तो वर्षानुवर्षे लपून वाढत नाही. मात्र ही निवड जागा पाहून करावी. ग्दिनियासारख्या मोठ्या बंदराच्या शहरात भरपाई आणि प्रशिक्षण पुरेसे ठरू शकते, कारण तिथे दुसरे काम शोधण्याची शक्यता असते. लुपेनीसारख्या एकाच उद्योगाच्या गावात एकरकमी भरपाई देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते, आणि तिथे बंद करण्याची तारीख आधी जाहीर करून, तोवर मर्यादित अनुदान देत, पर्यायी रोजगार उभा करणे हाच अधिक योग्य मार्ग आहे.