दोन जुने फ्लॅट जोडून एक घर (शिवाजी पार्क, १९३८ ची बिल्डिंग): दहा महिने राहिल्यावरचा अनुभव

मागच्या गुढीपाडव्याला राहायला आलो, आता जानेवारी संपत आलाय. म्हणजे एक उन्हाळा, एक अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं या घरात काढून झालं. पाऊस बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलंच होतं, कारण मुंबईत घराचं काम कसं झालंय ते जुलैमध्ये कळतं, मार्चमध्ये सगळ्यांचंच घर छान दिसतं.

बिल्डिंग १९३८ ची, तळमजला अधिक तीन, जिन्याला लागून मजल्यावर दोन फ्लॅट. गोल वळलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे, जिन्याच्या खिडकीला उगवत्या सूर्याची लोखंडी जाळी. आमचा फ्लॅट सासऱ्यांच्या वडिलांनी भाड्याने घेतलेला, पुढे सोसायटी झाली तेव्हा मालकीचा झाला. शेजारी काकू राहायच्या, त्या लेकीकडे पुण्याला जायला निघाल्या तेव्हा आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाहेरच्याला द्यायच्या आधी तुम्हाला विचारते." आमच्यात सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. दोन खोल्यांत सहा माणसं किती वर्षं काढणार, म्हणून हो म्हटलं, आणि मग चौदा महिने काम चाललं.

हेरिटेज म्हटलं की बहुतेकांना व्हीटी स्टेशन आठवतं, फार तर मरीन ड्राइव्ह. ओव्हल मैदानाच्या आजूबाजूच्या आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती (म्हणजे अशाच गोल बाल्कन्या-छज्जांच्या घडणीच्या) २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या, आमचा पार्क त्यात नाही. पण त्याच काळातली तीच घडण इथे मध्यमवर्गीय माणसासाठी झाली, आणि मला स्वतःला ती जास्त जवळची वाटते. १९२५ साली म्युनिसिपालिटीने माहीम पार्क म्हणून हे मैदान खुलं केलं, १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांनी मागणी लावून धरली म्हणून शिवाजी पार्क झालं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चारी बाजूंनी या बिल्डिंगी उभ्या राहिल्या. यातली एकेक आता टॉवरसाठी पडते आहे. आपल्या हातात आहे तेवढं तरी नीट ठेवावं असं मनापासून वाटत होतं.

आता मुख्य गोष्ट, मधली भिंत. जो येईल तो सांगायचा अख्खी काढून टाका, सलग तीस फुटाचा हॉल मिळेल. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने तर खडूने रेघ पण मारली, "मॅडम ही नुसती विटांची आहे, लोड नाही हिच्यावर." आम्ही थांबलो आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनियर बोलावला, आणि आज मागे बघताना सगळ्यात शहाणपणाचे पैसे तेच गेले असं वाटतं. त्याने एक गोष्ट समजावून सांगितली जी आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हती. कागदावर सगळा भार बीम आणि पिलरवर आहे हे खरं, पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत बीम केसाएवढा का होईना खाली वाकतो आणि खालच्या भिंतीवर टेकतो, त्यामुळे जी भिंत बांधताना नुसता आडोसा होती ती आता थोडा भार घेऊन उभी असते. ती एकदम काढली तर वरच्यांच्या लाद्यांना तडे जातात आणि मग भांडणं होतात.

त्याने बीमला एका कोपऱ्यात खाच पाडून ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन मारलं, ते औषध मी शाळेतल्या प्रयोगशाळेनंतर पहिल्यांदाच बघितलं. काँक्रीट धड असेल तिथे गुलाबी होतं, आणि जिथे हवेने आतला क्षार मारलाय तिथे रंगच येत नाही. आमच्या बीमला वरचा इंचभर भाग तसाच राखाडी राहिला आणि त्याच्या आत एकदम गडद राणी रंग उमटला. म्हणजे हवेचं हे नुकसान सळईच्या जवळपर्यंत पोचलं होतं, पण सळई अजून वाचलेली होती. सासरे खुर्ची घेऊन बाजूलाच बसलेले, त्यांना तो रंग बघून इतका आनंद झाला की त्यांनी पुन्हा एकदा मारून दाखवायला सांगितलं.

तर ठरलं असं की हॉलमध्ये पाच फुटाचं एक ओपनिंग आणि पॅसेजमध्ये तीन फुटाचं दार, बाकी नऊ इंची भिंत जशीच्या तशी. टेकू आणि जॅक लावून, वर लोखंडी गर्डर आधी बसवून मगच खालच्या विटा एकेक काढल्या, ब्रेकर मशीन लावू दिलं नाही, छिन्नी-हातोडीने चार दिवस लागले. वरच्या आजींकडे तडा गेला नाही. आणि दहा महिने राहून सांगते, भिंत ठेवल्याचा आम्हाला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. सासऱ्यांचा रेडिओ सकाळी सहाला लागतो तो पलीकडे ऐकू येत नाही, मुलीची दहावी आहे तिला दार लावून बसता येतं, आणि आईंना (सासूबाईंना) आपलं घर आपल्याच घरासारखं राहिलंय असं वाटतं, पडक्या भिंतीच्या मोठ्या हॉलमध्ये ते झालं नसतं. एक त्रास मात्र आहे, नऊ इंची विटेतून वायफाय जात नाही, दोन्हीकडे वेगळी मशिनं लावावी लागली. वायरिंग करतानाच तेवढी एक केबल भिंतीतून टाकून घ्या.

परवानग्यांचं थोडक्यात. सोसायटीची एनओसी, लायसन्स असलेल्या इंजिनियरची ड्रॉइंग, महापालिकेची परवानगी, हे सगळं करूनच काम केलं आणि त्यात पाच महिने गेले. एका ऑफिसात आमची फाइल दीड महिना नुसती पडून होती, मी दर सोमवारी जायचे. पण तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला महापालिका कायद्याच्या कलम ३५३-बी खाली स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, तेव्हा चोरून तोडलेली भिंत कधी ना कधी त्या रिपोर्टमध्ये येतेच. आणि तुमची बिल्डिंग पागडीची, उपकरवाली असेल (म्हणजे मालकाची, भाडेकरूंची, दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, ३० सप्टेंबर १९६९ च्या आधीची), तर मालक आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ यांना सोडून काही करायला जाऊ नका, तिथली गोष्टच वेगळी आहे.

लाद्या हा माझा जिवाचा विषय. आमच्याकडे लाल आणि क्रीम, काकूंकडे हिरव्या-काळ्या, दोन्ही आठ इंची सिमेंटच्या, हाताने साच्यात रंग ओतून दाबलेल्या. या भट्टीत भाजलेल्या नसतात, प्रेसखाली दाबून पाण्यात मुरवलेल्या असतात, आणि रंगाचा थर चांगला जाड असतो म्हणून इतकी वर्षं घासून पण नक्षी जात नाही. सगळे म्हणत होते वरून नव्या व्हिट्रिफाइड लाद्या टाका, दोन्ही घरं एकसारखी दिसतील. नाही टाकल्या. फुटलेल्या होत्या एकवीस, त्या कुठून आणायच्या हा प्रश्न होता. काकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीतलं जुनं कपाट काढलं तर त्याच्या खाली अख्ख्या सव्वीस लाद्या निघाल्या, आणि त्यांचा हिरवा असा होता की बाकीची जमीन त्याच्यापुढे पोपटाच्या जुन्या पिसासारखी दिसायला लागली. त्यांच्यावर ८५ वर्षांत कुणाचा पाय पडलाच नव्हता. हिरव्या त्यातून भागल्या. लाल-क्रीमच्या सात कमी पडल्या त्या नव्या करून घेतल्या. मुंबईत १९२२ पासून सिमेंटच्या लाद्या बनवणारी भारत फ्लोरिंग्ज अजून चालू आहे, तेव्हा या लाद्या आता मिळतच नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि जिथली भिंत काढली तिथे खाली नऊ इंचाचा पट्टा उघडा पडला, त्याच्या एका बाजूला लाल, एका बाजूला हिरवा. यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली. नवऱ्याचं म्हणणं दोन्ही रंग एकमेकांत मिसळत न्यायचे, मला ते खोटं वाटत होतं. शेवटी म्हाताऱ्या लादीवाल्या मिस्त्रीने सरळ विचारलं, "उंबरठ्याला काय घालता तुम्ही? कडप्पा ना? मग इथे पण कडप्पाच घाला, भिंत होती ते दिसूदे की." तसंच केलं. काळ्या कडप्प्याची पट्टी, जिथे भिंत होती बरोब्बर तिथेच. दिवाळीत काकू आल्या, त्या पट्टीशी आल्यावर आपोआप थांबल्या आणि चपला काढून मग पलीकडे गेल्या, कारण त्यांचं घर तिथून सुरू होत होतं. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

पट्टीत एक चूक झाली होती. दोन्ही घरांच्या जमिनीत पाऊण इंचाचा फरक होता आणि मिस्त्रीने कडा सरळ ठेवली, एप्रिलमध्ये आईंचा वॉकर तिथे अडकला, पडता पडता वाचल्या. दुसऱ्या दिवशी कडा घासून उतार करून घेतला, आता ठीक आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर जोडाच्या जागी लेव्हल आधी बघा, मग दगड ठरवा.

सगळ्यात मोठं नुकसान पॉलिशवाल्याने केलं. मी अर्धा दिवस बाहेर होते तेवढ्यात त्याच्या पोराने जुने डाग काढायला पाण्यात ॲसिड घालून बाथरूमसारखी जमीन धुतली. सिमेंट आणि ॲसिडचं वैर आहे, फेस येऊन वरचा थर खाल्ला जातो. बेडरूमच्या दाराशी चार फुटाचा भाग कायमचा फिका आणि खरखरीत झाला, अजून तिथून जाताना माझा जीव तुटतो. आता आम्ही नुसत्या पाण्याने पुसतो, महिन्यातून एकदा साध्या सौम्य साबणाने, आणि कामाच्या ताईंनी चुकून वापरू नये म्हणून फरशीचं कुठलंही ॲसिडवालं लिक्विड घरात ठेवतच नाही.

खिडक्या सागवानी आहेत, वर रंगीत काचेचा छोटा व्हेंटिलेटर. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगचं कोटेशन आलेलं, स्वस्त होतं, सोपं होतं. पण स्लायडिंगमध्ये अर्धीच खिडकी उघडते, आणि समुद्र जवळ असून वारा अर्धा करून घ्यायचा हे मनाला पटेना. सुताराने चौकटींचे खालचे कुजलेले भाग तेवढे कापून नवं सागवान जोडलं, रंगाचे सहा थर खरवडले, पितळी बिजागऱ्या उकळून साफ केल्या. लोखंडी स्क्रू एकही वापरू दिला नाही, पार्कच्या खाऱ्या हवेत दोन वर्षांत गंजून लाकूड फोडतो. पावसाळ्यात छज्जाखालच्या सगळ्या खिडक्यांनी थेंब आत येऊ दिला नाही. पश्चिमेच्या एका खिडकीतून मात्र जुलैमध्ये दोन रात्री पाणी आलं, खाली टॉवेल लावून बसलो. बघितलं तर नव्या लाकडाच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच मारायची राहिली होती, त्यामुळे पाणी लाकडाला चिकटून आत वळत होतं. सुतार आला, पंधरा मिनिटांत खाच मारली, परत आलं नाही.

भिंतींचा गिलावा जुना, चुन्याचा. तीन खोल्यांत तो दुरुस्त करून वर चुन्याचाच हात दिला. मुलाच्या खोलीत मात्र पेंटरने ऐकलं नाही, पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट मारला, दिसायला सगळ्यात गुळगुळीत तीच खोली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे तळहाताएवढे फुगे आले आणि पोपडे पडायला लागले. चुन्याची भिंत पाऊस पिते आणि ऊन पडलं की सोडते, वरून प्लास्टिक चढवलं की सोडायला वाट राहत नाही. बाकीच्या खोल्यांत पण बाहेरच्या भिंतीला ओल दिसली होती, पण नवरात्रापर्यंत आपोआप सुकली, नुसता फिकट डाग राहिलाय. चुन्याला कपडे घासले तर किंचित पांढरं लागतं, ते मान्य आहे मला.

दोन स्वयंपाकघरं होती. एक हलवून हॉलजवळ आणायचा मोह झाला होता पण तिथे खालच्या मजल्यावरच्यांची बेडरूम येते, कुणाच्या डोक्यावर ओलं काम न्यायचं नाही हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवलेलं. म्हणून काकूंचं स्वयंपाकघर त्याच जागी राहिलं, तिथे वॉशिंग मशीन, भांडी घासायची मोरी आणि आईंचं लोणचं-पापडांचं कपाट आहे. गणपतीत चाळीस माणसं जेवली तेव्हा एका बाजूला मोदक, दुसऱ्या बाजूला भांडी, दोन्ही मेन दारं उघडी, कुणाला कुणाचा अडथळा नाही. दोन्ही दारं ठेवली हे फार बरं झालं, पाट्या पण दोन्ही आहेत, काकूंची आम्ही काढली नाही.

खर्चाकडे बघितलं तर बजेटच्या दीडपट गेला, त्यातला मोठा भाग मजुरी, कारण जुनं वाचवणं हे नवीन लावण्यापेक्षा हाताचं काम जास्त मागतं. मेंटेनन्सचं बिल अजून दोन फ्लॅटचं येतं, सर्व्हिस चार्जेस फ्लॅटमागे असतात, घर एक झालं तरी सोसायटीच्या वहीत आपण दोनच. विजेचे मीटर पण दोन आहेत.

मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, मुलाच्या खोलीचा प्लास्टिक पेंट खरवडून चुना लावायचाय आणि बाल्कनीच्या गोल कठड्याला खालून एक बारीक तडा दिसतोय तो इंजिनियरला दाखवायचाय. त्याला फोन केलाय, शनिवारी येतो म्हणालाय. सासरे आत्तापासून विचारतायत की तो गुलाबी रंगवालं औषध घेऊन येणार आहे का.