गाठी खरंच विरघळल्या होत्या

कुत्र्याच्या कॅन्सरवर पावडर विकणारे सगळेच राख नाहीतर हळद पुड्यांत भरून देतात, असं समजू नका. आम्हाला मिळालेली पावडर लागू पडली होती. आठवडाभरात खंड्याच्या गाठी निम्म्यावर आल्या. खरी फसवणूक तिथेच होती, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

खंड्या आमचा लॅब्रॅडॉर, आठ वर्षांचा. आंघोळ घालताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागल्या, मग मागच्या पायांच्या गुडघ्यांमागेही. दुखत नव्हत्या, खाणंपिणंही व्यवस्थित होतं. साताऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांनी सुईने पेशी काढून तपासणीला पाठवल्या आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. हा सहसा मुळापासून जात नाही, पण केमोला चांगली दाद देतो, बऱ्याच कुत्र्यांना साधारण वर्षभर चांगलं आयुष्य मिळतं. काहीच केलं नाही तर महिना-दीड महिना. केमोसाठी पुण्याला खेपा घालाव्या लागणार होत्या आणि खर्च मोठा होता.

श्वानप्रेमींच्या एका फेसबुक ग्रुपवर मी विचारलं, अजून कोणाच्या कुत्र्याला हे झालंय का? तासाभरात एका गृहस्थांचा मेसेज आला. नावाआधी 'डॉ.' आणि डीपीवर धन्वंतरी. त्यांनी खंड्याचे रिपोर्ट मागवले, वजन विचारलं, वजनावरून डोस काढून दिला. इतकं पद्धतशीर बोलणं की खोट काढायला जागाच नव्हती. सोबत फोटो होते: एका गावठी कुत्रीच्या मागच्या बाजूला फुलकोबीसारखी लालभडक गाठ, आणि पुढच्या फोटोत तीच कुत्री ठणठणीत.

"ताई, केमोने कुत्रं कॅन्सरच्या आधी जातं," हे त्यांचं वाक्य सासूबाईंना लगेच पटलं, कारण त्यांनी सख्ख्या बहिणीची केमो जवळून पाहिली होती. कुत्र्यांची केमो तशी नसते, हे आम्हाला नंतर कळलं. कुत्रा सुखात राहावा या हिशेबानेच डोस बेताचा ठेवतात. लॅब्रॅडॉरसारख्यांचे केस सहसा झडत नाहीत, फार तर मिशा जातात.

पहिल्या कोर्सचे साडेसहा हजार, यूपीआयने, कुठल्यातरी बाईच्या खात्यावर. कुरिअरने चंदेरी पाकिटं आली. लेबल नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही. अट एकच: दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही आणि डॉक्टरांकडे न्यायचं नाही.

गाठी उतरल्या. खंड्या हावऱ्यासारखा खायला लागला, बादलीभर पाणी प्यायचा, आणि आयुष्यात कधी घरात न केलेला कुत्रा रात्री हॉलमध्ये लघवी करू लागला. पोट सुटलं, धाप लागायची. विचारलं तर उत्तर आलं, "विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे." मग 'मुळासकट काढायचा' दुसरा कोर्स, अठरा हजारांचा. तोही घेतला. तो संपण्याआधीच गाठी परत आल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. आणि त्या गृहस्थांचा फोन लागेनासा झाला.

पुण्याच्या डॉक्टरांनी खंड्याला बघताक्षणी विचारलं, "स्टेरॉइड कोणी चालू केलं?" तहान, भूक, सुटलेलं पोट आणि रक्तात वाढलेलं एएलपी (यकृताच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम), सगळं एकाच दिशेने बोट दाखवत होतं. पावडरची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, त्यामुळे हा त्यांचा अंदाज म्हणा, पण त्यांना शंका नव्हती. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात. केमोच्या औषधांबरोबर ते देतातही. मात्र नुसतं तेवढंच दिलं तर गाठी थोडे दिवस बसतात, आणि मागे उरलेल्या पेशी इतक्या निगरगट्ट होतात की पुढची औषधंही त्यांच्यावर नीट चालत नाहीत. पावडर एकदम बंद करू नका, असंही त्यांनी बजावलं. स्टेरॉइड असं अचानक तोडलं तर कुत्रा कोसळू शकतो. त्यांनी मोजून गोळ्या दिल्या आणि हळूहळू कमी केल्या.

केमो केली. गाठी थोड्या उतरल्या, पण टिकलं नाही, आणि पावसाळा संपायच्या आत खंड्या गेला. पैशांचं जाऊ द्या. जे वर्ष कदाचित मिळालं असतं, ते त्या पाकिटांनी खाल्लं.

तो गावठी कुत्रीचा फोटो मी पुण्याच्या डॉक्टरांना दाखवला, तर ते हसलेच. ती गाठ टीव्हीटीची होती. हा कॅन्सर समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, रस्त्यावरच्या कुत्र्यांत सर्रास दिसतो, आणि व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधाची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली की बहुतेक वेळा साफ बरा होतो. म्हणजे फोटो खरे असतीलही. कुत्री बरी झाली असेल, ती कुठल्यातरी साध्या दवाखान्यातल्या केमोच्याच औषधाने! 'कॅन्सर बरा केला' म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठला कॅन्सर?

तक्रारीचं सांगते. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची आशा जास्त. आम्ही केला तेव्हा खातं रिकामं झालेलं होतं. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे, आणि त्यातल्या 'औषध' या व्याख्येत जनावरांची औषधंही येतात. हे आमच्या पोलीस ठाण्यात मलाच वाचून दाखवावं लागलं. स्वतःला पशुवैद्य म्हणवणाऱ्याला राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागितल्यावर समोरचा चिडला, तर बोलणं तिथेच थांबवा.

आणि तुमच्याकडे आत्ता असली पावडर चालू असेल तर घाबरून फेकू नका. पाकिटासकट डॉक्टरांकडे न्या, कधीपासून आणि किती दिली ते सांगा. केमोचा बेत ठरवताना त्यांना ते कळायलाच हवं. उरलेली पाकिटं, कुरिअरचं वेष्टन आणि चॅट जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देताना आमच्याजवळ एकच अर्धवट पाकीट उरलं होतं, बाकीची सासूबाईंनी संतापाने कचऱ्यात टाकली होती.