वायनरीतली प्रेस आणि नाशिकरोडची प्रेस

गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीतली फेरी आम्ही फेब्रुवारीतल्या एका रविवारी केली. तिचे परीक्षण लिहिताना शेवटी चाखलेल्या वाइनपेक्षा ‘प्रेस’ या एका शब्दाविषयी अधिक लिहावेसे वाटते, कारण त्या फेरीतली सर्वांत मोलाची गोष्ट त्या शब्दात होती आणि नेमकी तीच वायनरीकडून सांगायची राहून गेली.

फेरी साधारण पाऊण तासाची आहे. बागेतून आलेले घड देठांपासून वेगळे होताना पाहिल्यावर आपल्याला एका आडव्या, पिंपासारख्या पोलादी यंत्रापाशी नेतात. ‘ही आमची प्रेस,’ एवढे म्हणून माहिती देणारा तरुण पुढे निघाला होता; मी थांबवून विचारल्यावर मात्र त्याने मनापासून समजावून सांगितले. आत एक पडदा असतो, हवा भरली की तो फुगतो आणि मण्यांना हळूहळू दाबत जातो. बी फुटली तर रसात कडवटपणा उतरतो, म्हणून घाई करून चालत नाही. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आंबवण्याआधी दाबतात, तर लाल वाइनसाठी रस सालींसकट आंबल्यानंतर. आपल्या रसवंतीचा चरक उसाचा चोथा करून टाकतो, त्याच्याशी हे ताडून पाहिले म्हणजे या यंत्राचा संयम लक्षात येतो.

माझे बालपण नाशिकरोडला गेले. तिथे एखादे गृहस्थ ‘प्रेसमध्ये आहेत’ म्हटले की कसली प्रेस, असे कोणी विचारत नाही: १९२८ पासूनची करन्सी नोट प्रेस, नाहीतर टपाल तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्ट छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस. त्या प्रेसचे आणि या पोलादी पिंपाचे नाव एकच असणे हा योगायोग नाही. लॅटिनमध्ये ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे. त्या धातूपासून झालेला हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा एक अर्थ गर्दी, रेटारेटी असा होता आणि चौदाव्या शतकात द्राक्षे किंवा कापड दाबण्याच्या यंत्रालाही तो लागू लागला होता. छपाईशी त्याचा तोवर काही संबंध नव्हता. पंधराव्या शतकाच्या मध्याला योहान गुटेनबर्गने ऱ्हाइनकाठच्या माइन्झ शहरात, म्हणजे द्राक्षमळ्यांच्याच मुलखात, खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून छपाई सुरू केली, आणि कागद खिळ्यांवर दाबण्यासाठी त्या भागात रस काढायला वापरत असलेल्या स्क्रूच्या यंत्राचेच तत्त्व घेतले. यंत्राबरोबर नावही छापखान्यात आले. पुढे छापखान्यातून निघणारी वर्तमानपत्रे ‘प्रेस’ झाली आणि अखेरीस ती लिहिणारे पत्रकारसुद्धा. ‘प्रिंट’ हा शब्दही त्याच ‘प्रेमेरे’चा वंशज असल्यामुळे ‘प्रिंटिंग प्रेस’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो.

मला याहून विलक्षण वाटते ते मराठीने अगदी त्याच वाटेने जाणे. दाबण्यावरून इंग्रजीत मनावरचे ‘प्रेशर’ आले, आपल्याकडे दडपण्यावरून दडपण आले. तिकडे ‘इम्प्रेशन’ आधी मेणावर आणि मग मनावर उमटले, इकडे ठशाचेही तेच झाले. एस्प्रेसो कॉफी आणि आपली पंचवटी एक्स्प्रेस ही याच घराण्यातली मंडळी. कपड्यांची प्रेसही त्यातलीच. तिच्यासाठीचा आपला ‘इस्त्री’ हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आलेला. आयर्लंडमध्ये ‘प्रेस’ म्हणजे कपाट, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. एक अपवाद आवर्जून सांगायला हवा: लोकांना बळजबरीने आरमारात भरती करणाऱ्या ब्रिटिश टोळ्यांना ‘प्रेस गँग’ म्हणत, पण त्यातल्या ‘प्रेस’चे मूळ उसनवारीच्या पैशासाठीच्या, ‘प्रेस्ट’ या वेगळ्याच शब्दात आहे, दाबण्याच्या अर्थाने तो शब्द मागाहून आपल्याकडे ओढून घेतला.

द्राक्षे आणि नोटा या दोन्हींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात ही गोष्ट त्या यंत्रापुढे उभे राहून सांगता येते, तशी ती क्वचितच कुठे सांगता येईल. प्रत्यक्षात तिथला फलक फक्त इंग्रजीत आहे आणि त्यावर यंत्राची क्षमता तेवढी लिहिली आहे. फेरी इंग्रजी आणि हिंदीतच होते. आमच्या गटात निफाडहून आलेले एक द्राक्ष बागायतदार कुटुंब होते, त्यांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे मिळाली ती त्या तरुणाच्या सौजन्यामुळे. ही उणीव वायनरीने दूर करायलाच हवी. चाखण्याचा भाग नेटका आहे. शेनिन ब्लां ही पांढरी वाइन मला विशेष आवडली.

जाणाऱ्यांनी जानेवारी ते मार्च हा हंगाम साधावा आणि सकाळची वेळ घ्यावी. एरवी यंत्र धुऊन बंद ठेवलेले असते. खुड्याच्या दिवसांत मात्र त्याच्या खालच्या पन्हळीतून रस वाहताना दिसतो आणि त्याचा गोड, किंचित आंबूस वास खोलीभर पसरलेला असतो.