वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलची संध्याप्रार्थना: एक कडवं साधं, एक कडवं भरलेलं

लंडनला कोणी येणार असेल तर बाकी सगळं फिराच, पण एक संध्याकाळ वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलच्या व्हेस्पर्ससाठी, म्हणजे गायलेल्या संध्याप्रार्थनेसाठी, राखून ठेवा. वेस्टमिन्स्टर ॲबी नाही हां, ते वेगळं चर्च. हे कॅथलिकांचं, व्हिक्टोरिया स्टेशनजवळ, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, १९०३ साली उघडलेलं. तिकीट वगैरे काही नाही, आत जाऊन बसायचं.

मी वसईची, लहानपणापासून चर्चमधल्या मराठी मिस्साला (मुख्य उपासनेला) कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, गायलेली, त्यामुळे कान आधी तिकडेच जातो. इथे कॉयर दिसतच नाही, वेदीच्या मागे बसते, त्यामुळे आवाज कुठून येतोय तेच कळत नाही आणि वर घुमट बघावेत तर नुसत्या काळ्या विटा.

मी गेले तो मरीयेचा सण होता, म्हणून ‘आवे मारिस स्तेला’ झालं, समुद्राच्या ताऱ्याला नमन. सात कडवी. पहिलं प्लेनचांटमध्ये, म्हणजे सगळ्यांचा एकच सूर, खाली ऑर्गन नाही, ताल नाही, शब्दाला लागेल तेवढाच श्वास. सुरुवातच सा वरून थेट पंचमावर उडी घेते आणि ती उडी डोक्यात बसते. मग दुसरं कडवं व्हिक्टोरियाचं. हा संगीतकार तोमास लुईस दे व्हिक्टोरिया स्पेनमधल्या आविलाचा, १५८१ साली रोमला त्याने वर्षभराच्या स्तोत्रांचं पुस्तक छापलं, त्यात बहुतेक सम कडव्यांनाच पॉलिफनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर गाणारे अनेक आवाज, दिलीय, विषम कडवी जुन्या चालीतच गायची. तर दुसऱ्या कडव्यात एक आवाज निघतो, तो अर्ध्यात असतानाच दुसरा, मग मुलांचे वरचे आवाज, आणि त्या गर्दीतून मघाचीच चाल ओळखीची होऊन परत येते. मला खरंच भरून आलं. तिसरं पुन्हा साधं, आणि आता तो एकटा सूर पहिल्यासारखा ऐकूच येत नाही, आपण मनात बाकीचे आवाज लावत राहतो.

म्हणून साध्या कडव्यांना कुणी भरती समजू नये. एका ठिकाणी, नाव घेत नाही, वेळ वाचवायला तीच गाळली होती, नुसती पॉलिफनी सलग, तर दोन मिनिटांत कान थकला आणि स्तोत्राचा अर्थही तुटला, कारण निम्मे शब्द तर तिकडेच असतात ना.

आमच्याकडच्या कॉयरवाल्यांनी हे नक्की करून बघावं, एक कडवं सगळ्यांनी एका सुरात आणि पुढचं चार आवाजांत, त्याला मोठी कॉयर लागतेच असं नाही.

जाताना पुढच्या बाकांवर बसा, वेळ त्यांच्या साइटवर बघा आणि शाळांच्या सुट्ट्या टाळा, तेव्हा कॉयरमधली मुलं नसतात. पाच पैकी पाच.