वंशावळीचं ॲप, वर्षभर वापरून: शोधले वेलणकर, मिळाले विल्यम्स

बँकेचा मेसेज आला, की अमुक कंपनी उद्या तुमच्या कार्डावरून वर्षाचं सदस्यत्व कापणार आहे. रक्कम डॉलरमध्ये, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार, त्या आकारावर पुन्हा जीएसटी. एवढ्या पैशांत आमच्या घरी वर्षाचा शरबती गहू भरून होतो. तेव्हा दुसऱ्या वर्षाचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवण्याआधी पहिल्या वर्षात काय मिळालं ते लिहून काढतो.

ॲपचं नाव घेत नाही. मोठं, परदेशी, जाहिराती सगळीकडे दिसतात. वंशवृक्ष, जुन्या नोंदींचा शोध, ‘जुळणाऱ्या व्यक्ती’, जुने फोटो रंगीत करून देणं, हे सगळं त्यात आहे. फीचर्स इथल्या सगळ्यांना ठाऊक असतील, त्यामुळे यादी देत बसत नाही. फोटो रंगीत केल्यावर आजीचं नऊवारी दर वेळी निळंच येतं, एवढं एक सांगून पुढे जातो.

आमचं आडनाव वेलणकर. पणजोबा कोकणातून इंदूरला आले, होळकर संस्थानात कारकुनीला लागले, आणि पुढे घरात कुणी काही लिहून ठेवलं नाही. आजोबांची पिढी गेली. देवासची आत्या तेवढी आहे, तिला नावं आठवतात, सालं नाही. पणजोबांचे वडील कोण आणि मूळ गाव कोणतं, एवढंच मला हवं होतं.

गोची अशी, की कागदोपत्री आम्ही एक घर नाहीच. बाबांच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर स्पेलिंग ‘व्ही’ने, थोरल्या काकांच्या पेन्शनच्या कागदावर ‘डब्ल्यू’ने, आणि आजोबांच्या घराच्या रजिस्ट्रीवर हिंदीत चक्क ‘बेलनकर’. इंग्रजांनी शिंद्यांचं सिंदिया केलं, गायकवाडांचं गुइकोवार केलं. त्यांची राज्यं होती म्हणून निदान लोकांना कळतं तरी. कारकुनाच्या घराचं काय झालं हे कोण लक्षात ठेवणार?

आता त्या बटणाकडे येतो. शोधाच्या पानावर आडनावापुढे एक खूण आहे, ‘मिळतीजुळती नावंही दाखवा’. ॲप घेतलं ते या एका खुणेसाठी. जाहिरातीतही तेच होतं, की जुन्या नोंदींत स्पेलिंग चुकलं असलं तरी आम्ही शोधून देतो.

हेल्पच्या पानावर लिहिलंय, की ही खूण साउंडेक्सवर चालते. रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकनाने १९१८ साली पेटंट घेतलेली ही पद्धत. आडनावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं. पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे: एलला ४, एम-एनला ५, के, जी, एस, झेड वगैरेंना २, आरला ६. लागोपाठ तोच आकडा आला तर एकदाच धरायचा. तीन आकडे झाले की थांबायचं. इंग्रजी आडनावांसाठी केलेली गोष्ट आहे, तिथे चालतही असेल.

आमचं काय होतं बघा. व्हीने लिहिलेला वेलणकर होतो व्ही-४५२. वेलिंगकरही व्ही-४५२, ते ठीक, निदान आपल्याकडचे. पण व्हॅलेन्झुएला हेही व्ही-४५२! मेक्सिकोपासून फिलिपाइन्सपर्यंत जेवढे व्हॅलेन्झुएला आहेत ते सगळे माझ्या पणजोबांच्या शोधात पानामागून पान येत राहिले. मग डब्ल्यूने शोधलं. डब्ल्यू-४५२ म्हणजे कोण? विल्यम्स. इंग्रजी जगातल्या अगदी पैशाला पासरी आडनावांपैकी एक. बीने शोधलं तर बॅलिंजर. आणि मुख्य म्हणजे हे तीन वेलणकर एकमेकांना कधीच भेटत नाहीत, कारण पहिलं अक्षर पक्कं. व्ही, डब्ल्यू आणि बी, म्हणजे नेमकी जी अदलाबदल आमच्या कागदांत झाली आहे, तीच ही पद्धत धरत नाही.

यावर उपाय नाही असंही नाही. पूर्व युरोपातल्या ज्यू आडनावांसाठी डाइच आणि मोकोटॉफ या दोघांनी १९८५ साली वेगळी सारणी केली. तिच्यात पहिलं अक्षरही आकड्यातच जातं, आणि बी, व्ही, डब्ल्यू तिघांनाही ७. मी वही-पेन्सिल घेऊन मांडून बघितलं. वेलणकर कसाही लिहा, ७८६५९० येतो. विल्यम्स आणि व्हॅलेन्झुएला दोघेही गळतात. बॅलिंजर आणि वेलिंगकर राहतात, पण तेवढे चालवून घेता येतील. चाळीस वर्षं जुनी, सगळ्यांना खुली असलेली पद्धत आहे. वर्षाला एवढे डॉलर घेणाऱ्या कंपनीला ती एका बटणात घालता येत नाही?

हे मी त्यांना सविस्तर लिहून पाठवलं, तिन्ही कोडांसकट. उत्तर आलं, कृपया आपल्या आडनावाचं स्पेलिंग तपासून पाहा. पुन्हा लिहिलं. या वेळी दुसऱ्याच नावाने तेच उत्तर, खाली एक ओळ जास्त: नोंदी सापडत नसतील तर वरच्या श्रेणीचं सदस्यत्व घ्या. तिसऱ्यांदा मी मराठीतून लिहिलं. त्याला उत्तरच नाही.

वरची श्रेणी घेऊनही आमच्यासाठी फार काही नाही, हे घेण्याआधी बघून घ्या. ‘भारत’ म्हणून जो संग्रह ते दाखवतात त्यात मोठा भाग ब्रिटिश अमदानीतल्या गोऱ्यांच्या चर्चनोंदींचा, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, दफन. महूच्या छावणीतल्या सोल्जरची लग्नं मिळतात, इंदुरातल्या कारकुनाची मुंज मिळत नाही. त्यापेक्षा राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ बघा. सेंट्रल इंडिया एजन्सीचे, म्हणजे इंदूरसारख्या संस्थानांवर देखरेख करणाऱ्या इंग्रजांच्या कचेरीचे, कागद तिथे शोधता येतात, आणि ते फुकट आहे. रेसिडेन्सीशी ज्यांच्या घराचा संबंध आला असेल त्यांनी तर आधी तिथेच जावं.

इथपर्यंतचा मजकूर मी दिवाळीत लिहून ठेवला होता आणि खाली एक तारा दिला होता. नंतर मत थोडं बदललं, ते ॲपपेक्षा एका शाळेच्या बाबूंमुळे.

आजोबा ज्या शाळेत शिकले ती अजून चालू आहे. दाखल-खारिज रजिस्टर बघायला मिळावं म्हणून अर्ज केला, मुख्याध्यापकांनी सही केली, आणि बाबूंनी कपाटातून कापडात बांधलेले गठ्ठे काढले. मी म्हटलं, वेलणकर शोधायचंय. त्यांनी वर न बघताच सांगितलं, “भिया, सरनेम से नहीं मिलेगा. बच्चे का नाम और बाप का नाम बोलो.”

विनायक, बापाचं नाव गोविंद. थोड्याच वेळात पान मिळालं: ‘बिनायक गोबिंद बेलनकर’. त्याच पानावर खाली बासुदेव, बिष्णु, बसंत. त्या कारकुनाच्या हातून एकही व बाहेर पडलेला नाही. आणखी पानं चाळली. पुढे अक्षर बदललं, दुसरा कारकून आला आणि एकदम सगळे वासुदेव, वसंत झाले, पण ण मात्र नाहीच: ‘गनेश’, ‘नारायन’. म्हणजे आडनाव कसं चुकेल हे आमच्यावर नाही, कोणाच्या हातात टाक होता त्यावर ठरत होतं. एका हातची दोन-चार पानं नीट वाचली की त्या हाताची खोड कळते, आणि मग त्या काळातली बाकीची नावं कशी लिहिली असतील हेही सांगता येतं. हे कुठलं ॲप करणार?

घरी येऊन बाबूंची युक्ती ॲपवर करून बघितली. आडनावाचा रकाना कोरा ठेवला. नाव गोविंद, वडील रामचंद्र (आत्याच्या आठवणीतलं), ठिकाण इंदूर. आणि लागलं! ग्वाल्हेरच्या कुणी केलेला वंशवृक्ष, आडनाव बीने, त्यात ‘भाऊ गोविंद, इंदूरला नोकरीस’. पणजोबांच्या सख्ख्या भावाची शाखा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. ॲपमधूनच निरोप पाठवला. संध्याकाळी उत्तर: “दादा, आम्हीपण तुम्हाला शोधतोय, आम्हाला बॅलिंजर सापडतात.”

तर हे श्रेय ॲपला द्यायलाच हवं. दोन घरं एका जागी आली ती त्यामुळे. फक्त त्यांच्या त्या प्रसिद्ध बटणाला हात न लावता.

आपल्या पूर्ण नावात बापाचं नाव बसलेलं असतं, ही शोधासाठी केवढी सोय आहे! प्रत्येक नाव पुढच्या कडीला आपणच जोडलेलं. जुन्या कागदांत कित्येकदा आडनाव नसतंच, ‘अमका बिन तमका’ एवढंच असतं. पण ॲपला मधलं नाव म्हणजे शोभेचं वाटतं. तिथून दुसरा घोळ. नात्यातलं नाव पुन्हा ठेवायची आपली रीत, त्यामुळे खापरपणजोबा रामचंद्र विनायक आणि आमचे थोरले काकाही रामचंद्र विनायक. ॲप दर आठवड्याला विचारतं, ही एकच व्यक्ती आहे का, एकत्र करू का? मी ‘नाही’ म्हणतो. भाच्याला संपादनाचे अधिकार दिले होते, त्याने एकदा ‘हो’ दाबलं आणि काका स्वतःचेच पणजोबा झाले. पूर्ववत करायचं बटण शोधण्यात अख्खा रविवार गेला.

ग्वाल्हेरच्या भावाकडून नाशिकच्या उपाध्यायांचा, म्हणजे यात्रेला येणाऱ्या आमच्या घराच्या नोंदी वहीत राखणाऱ्या भिक्षुकांचा, पत्ता मिळाला. ज्यांना आडनावाची भानगड आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं, ॲप घ्यायच्या आधी तीर्थक्षेत्रीच्या वह्या बघा. तिथे कारकून मधे नसतो. माणूस रामकुंडावर येतो, आणि वहीत आपल्या घरची नावं आपल्याच हाताने लिहून सही करतो. आमच्या पणजोबांचं पान मोडीत आहे. आधी पानभर आडवी रेघ ओढलेली आणि खाली शब्द न तोडता अक्षरं लटकवलेली, त्यामुळे ‘गोविंदरामचंद्रवेलणकर’ असं एका दमात. मला ओ की ठो कळेना, उपाध्यायांनी सरळ वाचून दाखवलं. बापाच्या अस्थी घेऊन आले होते. शके १८३४, पौष. मूळ गाव गुहागराकडचं. भावांची, मुलांची नावं. आडनावात व स्वच्छ, ल स्वच्छ, ण स्वच्छ.

हे ॲपमध्ये भरायला गेलो तर शके घेत नाही. मुकाट्याने ७८ मिळवले तर १९१२ येतं, पण पौष महिना जानेवारीत पोचू शकतो, तेव्हा साल १९१२ की १९१३ हे तिथी आणि पंचांग बघूनच ठरणार. ॲपला अशी शंका मांडायला ‘सुमारे’ एवढा एकच पर्याय. मी ‘सुमारे १९१२’ टाकलं आणि खरी तिथी टिपणात लिहिली. टिपण मात्र मराठीत उत्तम राहतं, कुठे अक्षर तुटत नाही, हे मान्य.

तर हिशेब असा. दोन तारे. एक ग्वाल्हेरसाठी, एक देवनागरीसाठी. पुढच्या वर्षाचे पैसे देणार नाही. फोनवरच्या ॲपमध्ये सदस्यत्व रद्द करायचं बटण मला सापडलं नाही, पण पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेने कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या मेसेजमधूनच बँकेच्या पानावर जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द केलं, काम झालं. रद्द करण्याआधी सगळा वृक्ष जेडकॉम फाईलमध्ये (वंशवृक्ष एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा ठरलेला प्रकार) उतरवून घ्या. ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ती उघडते. फोटो वेगळे उतरवावे लागतात. कुणाला घ्यायचंच असेल तर एका महिन्याचं घ्या, आडनाव कोरं ठेवून दणकून शोधा आणि बाहेर पडा.

माझ्याकडून एक रकाना रिकामा राहिलाय, पणजीचं माहेर. आमच्या वहीत ती सासरच्या नावानेच आहे, लक्ष्मी. माहेरचं नाव मिळेल ते तिच्या माहेरच्या उपाध्यायांच्या वहीत, आणि त्यांचे उपाध्याय कोण हे कळायला आधी माहेर कळायला हवं. यावर कुणी वाट काढली असेल तर जरूर सांगा.