एक इंची सेन्सर, एक डाग: खिशातल्या कॅमेऱ्याचा वर्षभराचा अनुभव

सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट हातात पडलं आणि तिथल्या तिथे ठरवलं, आता लिहायचंच. ‘लेन्स युनिट बदलणे’, आणि पुढचा आकडा कॅमेऱ्याच्या किमतीच्या निम्म्याला भिडलेला. दुखणं काय, तर सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, धुळीचा एक कण. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. लेन्स आत-बाहेर सरकणारे जे एक इंची सेन्सरचे खिशातले कॅमेरे आहेत, त्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच, त्यामुळे नाव कळून तुमचा काही फायदा नाही. 20 मेगापिक्सेल, 24 ते 70 चा झूम, एफ/1.8 ते 2.8 ची लेन्स हे सगळं तुम्हाला पाठ असेल, ते सोडते. बॅटरीचं रडगाणंही सोडते. एक जास्तीची घ्यावी लागते, बस.

घेतला तो फिरण्यासाठी. नोकरी फोर्टात, घर मुलुंडला. लोकलच्या गर्दीत डीएसएलआरची बॅग म्हणजे आपल्याला आणि शेजारणीलाही शिक्षा. हा पर्सच्या आतल्या कप्प्यात मावतो. सुरुवातीचे महिने झकास गेले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोच्या डेकवर सीगल टिपले, अलिबागला मुलाचे किनाऱ्यावर धावतानाचे फोटो काढले. तेव्हा कोणी विचारलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

मग माथेरान झालं. तिथे मोटारींना बंदी, रस्ते लाल मातीचे आणि त्यावरून दिवसभर घोड्यांची ये-जा. पाऊस संपून चार-सहा महिने झाले की त्या मातीची बारीक भुकटी होते आणि कमरेइतकी उंच उडत राहते. पॅनोरमा पॉइंटवरचे फोटो घरी येऊन लॅपटॉपवर पाहिले तर आकाशात वर उजवीकडे एक करडा ठिपका. आधी वाटलं घार असेल. पण प्रत्येक फोटोत त्याच जागी थांबणारी घार कुठली असायला! कॅमेरा उभा धरला की ठिपकाही कोपरा बदलत होता. म्हणजे तो आकाशात नव्हता, सेन्सरवर होता.

हे होतं कसं ते समजून घ्या, कारण विकताना कोणी सांगत नाही. कॅमेरा चालू केला की लेन्सची नळी बाहेर येते, आतली जागा वाढते आणि भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढली जाते. हवेबरोबर धूळही. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात लेन्स काढून ब्लोअरने फुंकर मारता येते, बऱ्याच मॉडेलांत सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोयही असते. इथे लेन्स पक्की बसवलेली. कण आत गेला की तो भाडेकरू, आणि तोही पागडीचा.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, हे आधी लिहिते. “मॅडम, डस्ट वॉरंटीत येत नाही.” मी म्हटलं, अरे, कॅमेरा पडला नाही, भिजला नाही, मी फक्त चालू-बंद केला. हवा आत न ओढणारं मॉडेल तुमच्याकडे असेल तर दाखव, बदलून घेते. तो हसला आणि जॉबशीटवर ‘फॉरेन पार्टिकल’ असं लिहिलं. माथेरानची माती फॉरेनची कधीपासून झाली? नुसतं उघडून साफ करून द्या म्हटलं, तर तशी सोय नाही, अख्खं युनिटच बदलतात. कणाचा आकार, फार तर, मिठाच्या कणाहून लहान असेल. त्याचं बिल एवढं.

मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तक्रार पुढे कंपनीकडे जाते. परिणाम एवढाच झाला की आतापर्यंत ईमेलला उत्तर न देणाऱ्यांचा स्वतःहून फोन आला आणि मजुरी माफ करायची तयारी दाखवली. सुट्या भागाचे पैसे मात्र पूर्ण. मी नाही म्हटलं. तेवढ्यात आमच्या वॉशिंग मशीनचा अर्धा खर्च निघतो.

इथपर्यंतचं वाचून तुम्हाला वाटेल एक तारा देणार. खरंच देणार होते. पण मधल्या काळात नणंदेच्या मुलीचं बारसं झालं आणि त्या फोटोंत डाग कुठेच दिसेना. पाळण्याच्या मागे चांगली पांढरीशुभ्र भिंत होती, तरी स्वच्छ. गौरी-गणपतीचे फोटोही स्वच्छ. कारण सोपं आहे. कण सेन्सरवर नेमका नाही, त्याच्यावरच्या काचेवर बसलेला असतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, उघडं असलं की प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो आणि कणाची सावली विरून जाते. ॲपर्चर बारीक केलं की प्रकाश अरुंद वाटेने येतो आणि सावली रेखीव पडते. एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं. घरात उजेड कमी, म्हणून कॅमेरा एफ/1.8 किंवा 2.8 वरच राहतो. उन्हात ऑटोवर ठेवला की तो स्वतःच एफ/8 च्या पुढे जातो आणि डाग हजर.

मग हिशेब मांडला. कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील ते) 125 ला एफ/16 आणि शटर 1/125 सेकंद, हा जुन्या रोलच्या काळापासूनचा अंदाज. त्याच हिशेबाने एफ/4 ला शटर लागतं 1/2000, आणि माझ्या कॅमेऱ्याचं यांत्रिक शटर तेवढं जातं. म्हणजे उन्हातही एफ/4 च्या पुढे जायची गरजच नाही. शिवाय नावाला एक इंची असलेला हा सेन्सर प्रत्यक्षात असतो 13.2 गुणिले 8.8 मिलिमीटरचा, त्यावर एफ/4 ला जवळचं-लांबचं जेवढं स्पष्ट येतं तेवढं फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या रोलच्या आकाराच्या मोठ्या सेन्सरवर, यायला साधारण एफ/11 लागतं. उलट इथे एफ/11 लावलं तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्र मऊ पडतं. आता डायल कायम ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर मी ठरवते, शटर कॅमेरा), एफ/4. डाग आहे तिथेच आहे, पण फोटोत जवळजवळ येत नाही, आणि लांबचे डोंगर आधीपेक्षा धारदार येतात. हे कंपनीच्या ऑटो मोडला का सुचत नाही, देव जाणे.

व्हिडिओचं दुखणं मात्र खरं आहे. हालचाल नैसर्गिक दिसावी म्हणून दिवसा शटर 1/50 ठेवलं तर ॲपर्चर मिटतंच. आतला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी करडी काच, तीन स्टॉप उजेड कमी करतो, म्हणजे आठव्या हिश्श्यावर आणतो, पण दुपारी जुहूच्या वाळूवर तेवढ्याने भागत नाही. फोटोतला डाग पुसता येतो, हलत्या व्हिडिओतला कोण पुसत बसणार?

गंमत अशी की फिरण्यासाठी घेतलेला कॅमेरा घरातच जास्त कामाला आला. सासूबाईंचा पुरणपोळी लाटतानाचा फोटो फोनने काढला की तो त्यांच्या हातावरच्या सुरकुत्या परस्पर गुळगुळीत करून टाकतो. यात शिरा, पीठ, घासलेली बांगडी, सगळं जिथल्या तिथे येतं. त्यांनी स्वतः पाहून “हा माझा हात आहे” म्हटलं. फोनच्या फोटोंवर त्या काहीच बोलत नाहीत. दुसरं, प्रिंट. सेन्सरचं प्रमाण 3:2, म्हणजे 4 बाय 6 चा कागद तंतोतंत भरतो. फोनचे 4:3 चे फोटो लॅबवाला वरून-खालून कापतो आणि मागच्या रांगेतल्या काकांचं डोकं जातं. आमच्याकडे अल्बम अजून छापले जातात, त्यामुळे ही बाब माझ्या लेखी मेगापिक्सेलपेक्षा मोठी.

एक सूचना मखरवाल्यांसाठी. एलईडीच्या माळा असतील तर आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, नाहीतर बाप्पांवर आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो; यांत्रिक शटर 1/100 किंवा 1/50 वर ठेवलं की प्रश्न मिटला.

पावसाळ्यात बुरशीची भीती सगळे घालतात. ड्राय कॅबिनेट महाग वाटलं, म्हणून झाकणाला रबर असलेला प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घेतला. काटा 45 ते 50 टक्क्यांत राहतो. जुलैत मुंबईच्या हवेत तो 85 च्या वर जातो, तेव्हा डब्यावर खर्च करायला कुरकुरू नका.

आता डागाचा शेवटचा अंक. ऑफिस सुटल्यावर बोरा बाजारातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, “ताई, उघडतो, पण पुन्हा बसवताना लेन्स केसभर जरी कलली तरी फोटोची एक बाजू कायमची मऊ येईल. लिहून द्या.” मी लिहून दिलं नाही. मग त्यांनी छोट्या व्हॅक्यूमची नळी लेन्सच्या कडेला धरली आणि मला झूम आत-बाहेर करायला लावलं. घरी हा प्रयोग करा असं मी अजिबात म्हणत नाही. डाग गेला नाही, सरकला. आता तो अगदी वरच्या कडेला आहे. लॅबवाला बिनकिनारीची प्रिंट काढताना कडा थोड्या कापतोच, त्यात तो जातो. व्हिडिओ 16:9 मध्ये कापला जातो, त्यातूनही गेला! काकांनी चहाचे पैसेही घेतले नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, अजून एकदा व्हॅक्यूम लावला तर बाहेरच पडेल. मी कॅमेरा त्याच्या हाती देत नाही. परत मधोमध आला म्हणजे?

तारे साडेतीन. कापलेला दीड तारा सर्व्हिसचा, कॅमेऱ्याचा नाही.

सेकंड हँड घेणार असाल तर दुकानातच ही परीक्षा करा: एफ/11, झूम पूर्ण लांब, फोकस मुद्दाम चुकवून पांढऱ्या भिंतीचा फोटो, आणि मग स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे पाहा. ठिपका दिसला तर विकणाऱ्याला तो दाखवा, लेन्स युनिटचा भाव विचारा आणि तेवढे पैसे कमी करून मागा. घासाघीस होईल, होऊ द्या.