आरटीई प्रवेशाचं पोर्टल: ठाणे-नवी मुंबईत भाड्याने राहायला येणाऱ्यांसाठी किती कामाचं?

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी शासनाचं ऑनलाइन पोर्टल आहे. अर्ज फुकट आहे आणि मोबाइल हाताळता येणाऱ्या कुणालाही भरता येतो. सोडत राज्य पातळीवर संगणकाने निघते, त्यामुळे ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देण्यात काहीच अर्थ नाही. पोर्टलची खरी अडचण वेगळी आहे. सगळी मदार राहत्या पत्त्यावर, आणि शहरात नुकत्याच आलेल्या कुटुंबाकडे नेमका तोच पुरावा नसतो.

रेशनकार्ड गावचं, वीजबिल घरमालकाच्या नावावर. मग उरतो भाडेकरार. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद पडताळणी समिती बाजूला सारते. ऑनलाइन नोंदणीला महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १००० रुपये आणि वर मुद्रांक शुल्क, तेही करारातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिट असेल तर त्यावरचं थोडं वेगळं). घरमालक टाळाटाळ करतात, पण भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी त्यांचीच आहे. टोकन देण्याआधी हे बोलून घ्या.

वेळेचं गणितही इथेच बिघडतं. २०२५-२६ साठीचे अर्ज जानेवारी २०२५ मध्येच सुरू झाले. मे महिन्याच्या सुट्टीत बिऱ्हाड हलवणाऱ्यांची गाडी तोवर सुटलेली असते. शिवाय या जागा फक्त शाळेच्या प्रवेशवर्गात, म्हणजे नर्सरी, ज्युनिअर केजी किंवा पहिलीत. बदली होऊन आलेलं मूल दुसरीत जाणार असेल तर पोर्टल उघडूच नका.

जिल्हा निवडताना नवी मुंबईकर हमखास चुकतात. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल मात्र पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिलं म्हणून ठाणे निवडू नका.

आता नकाशा. अर्जातल्या नकाशावर आपल्या घराच्या जागी लाल फुगा (जागा दाखवणारी खूण) ओढून ठेवायचा असतो, आणि घाईत लोक तो एरियाच्या नावावरच सोडून देतात. शाळेचं अंतर त्या फुग्यापासून मोजलं जातं. २०२५-२६ च्या सोडतीत आधी १ किलोमीटरच्या आतले, मग १ ते ३ किलोमीटरचे, नंतर उरलेले असा क्रम होता. पडताळणीत करारातला पत्ता आणि फुगा जुळला नाही की लागलेला नंबरही जातो. त्यातून हे अंतर हवाई, म्हणजे सरळ रेषेतलं. घोडबंदर रोडवर कासारवडवलीला समोरच्या बाजूची शाळा नकाशात हाकेच्या अंतरावर दिसते, प्रत्यक्षात आधी तो हायवे ओलांडायचा असतो. कळव्यातून खाडीपलीकडच्या शाळेचंही तेच. शाळा १० पर्यंत निवडता येतात, पण रोज नेऊन सोडता येईल अशाच टाका. नंबर लागून प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या यादीत पुन्हा संधी नाही. अल्पसंख्याक शाळा या योजनेत नाहीत, त्या शोधत बसू नका.

कागदपत्रांत दोन खड्डे. परराज्यातलं जात प्रमाणपत्र चालत नाही. दुर्बल घटकातून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आधारावर अर्ज असेल तर वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत हवं. वंचित गटाला (अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे) उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि एका मुलाचे दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद होतात. चूक झाली असेल तर आधीचा अर्ज डिलीट करूनच नवा भरा.

एसएमएसवर विसंबू नका. निकालानंतर अर्ज क्रमांक टाकून स्थिती स्वतः बघा, प्रतीक्षा यादीत असाल तर प्रत्येक फेरीला. नंबर लागला की अलॉटमेंट लेटरची प्रिंट, मूळ कागद आणि झेरॉक्स घेऊन मुदतीत पडताळणी समितीकडे जायचं, थेट शाळेत नाही.

विश्वासार्हतेत मात्र पोर्टलचे गुण कापावे लागतात. सरकारी शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या २५ टक्के जागांतून सूट देणारा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि तोवर शाळा जूनमध्ये सुरू होऊनही गेल्या होत्या. म्हणून घराजवळच्या पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत एक जागा आधी बघून ठेवा.

नंबर लागलाच तर शिक्षण शुल्क आठवीपर्यंत माफ. बसचा खर्च आपला. स्नेहसंमेलन, सहल, ‘अॅक्टिव्हिटी’ अशा नावांनी पैसे मागितले, तर ते कशाचे हे शाळेकडून लेखी घ्या आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.